हिब्रू शिकविणारे मराठी मास्तर

परदेशांतील अनेक विद्यापीठांत 'ज्यू विद्या' नावाचा एक स्वतंत्र अभ्यासक्रम असतो. ज्यू लोकांची हिब्रू भाषा, त्यांचे धर्मग्रंथ, इतिहास, चालीरीती आणि देशोदेशी पसरलेल्या त्यांच्या वस्त्या, हे सारे तेथे शिकविले जाते. अशा अभ्यासक्रमाचे अध्यापक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लांब दाढीचे कोणी विलायती पंडित उभे राहतात. पण आपल्या महाराष्ट्रात ही विद्या शिकविणारी माणसे होऊन गेली. त्यांची आडनावे राजपूरकर, किहीमकर, दिवेकर अशी होती, ती घरी मराठी बोलत आणि शिकवीतही मराठीतूनच. आज या मास्तरांविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. शिक्षकबंधूंनी जरा अधिक लक्ष द्यावे, कारण ही शाळामास्तरांचीच हकीकत आहे.

प्रथम हे लोक कोण ते पाहू. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, बेने इस्राएल नावाचा समाज पिढ्यान् पिढ्या राहत आला. 'बेने इस्राएल' म्हणजे इस्राएलाची लेकरे. त्यांच्यात पूर्वापार सांगतात ते असे : अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी एक गलबत फुटले, त्यांतून सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बाकीच्यांना तेथेच मूठमाती मिळाली. पोथ्यापुस्तके समुद्रात गेली. वाचलेल्यांनी कोकणातल्या खेड्यांत बस्तान बसविले आणि तेलघाणा हा धंदा धरला. शनिवार हा त्यांच्या धर्मात विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'. गलबत केव्हा फुटले याबद्दल विद्वानांत एकमत नाही आणि बहुधा होणारही नाही. पण गावावरून पडलेली आडनावे पाहा : पेणकर, रोहेकर, नवगावकर, अष्टमकर, किहीमचे किहीमकर. ही माणसे किती काळ या मातीत मुरली असतील याचा अंदाज त्यावरून करता येतो.

आता विचार करा, पोथी नाही, लिपी विसरलेली, शिकविणारा कोणी नाही. अशा स्थितीत धर्म कसा टिकला असेल? टिकला तो सणांत, स्वयंपाकघरात आणि तोंडपाठ असलेल्या एका प्रार्थनेत. 'शमा' नावाची ती छोटी प्रार्थना लग्नात, बारशाच्या विधीत, सगळीकडे म्हणत. सणांची हिब्रू नावे विसरली, पण सण राहिले आणि त्यांना मराठी नावे पडली. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. उपासाचा, घराची दारे लावून बसण्याचा, तो दारफाळणीचा सण. एक खिरीचा सण. जेरुसलेमचे देऊळ पडले त्या दुःखाच्या दिवशी वालाच्या बिरड्याचे जेवण, म्हणून तो बिरड्याचा सण. हिब्रूत याच दिवसांना रोश हशाना, योम किप्पुर, तिशा बआव अशी भारदस्त नावे आहेत. पण बिरड्याचा सण म्हटल्यावर कोकणी माणसाला जे कळते ते दुसऱ्या नावाने कळणार नाही.

अशा या समाजाला पहिला गुरू मिळाला त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. डेव्हिड राहाबी नावाचा एक विद्वान ज्यू कोकणात आला. त्याने या शनिवार तेल्यांविषयी ऐकले. पण हे खरोखर ज्यू आहेत की नाहीत याची खात्री कशी करावी? परीक्षेला प्रश्नपत्रिका कोणती काढावी? त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि रांधावयास सांगितले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे वेगळे काढले आणि बिनखवल्यांचे बाजूला सारले. ज्यू धर्मशास्त्रात खाण्यायोग्य माशाची खूण तीच आहे. राहाबीने ओळखले की माणसे आपली आहेत. मला स्वतःला या गोष्टीत एक मर्म दिसते : शाळा बुडाली, पोथी बुडाली, तरी अभ्यासक्रम बायकांनी चुलीपाशी चालू ठेवला होता.

हा राहाबी कोणत्या शतकातला याबद्दलही वाद आहे. कोणी त्याला हजार वर्षांपूर्वीचा मानतात, तर कोणी अठराव्या शतकातला कोचीनचा व्यापारी समजतात. ते काहीही असो. त्याने तीन तरुण निवडले आणि त्यांना हिब्रू वाचन व धर्मविधी शिकविले, अशी परंपरा आहे. झिराड, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतले ते तिघे. त्यांना 'काजी' म्हणत. हे काजी गावोगाव फिरत, लग्ने लावीत, तंटे सोडवीत. एका अर्थाने महाराष्ट्रातले हिब्रूचे पहिले फिरते शिक्षक तेच.

पुढे मुंबई वाढू लागली तशी कोकणातली ही कुटुंबे तिकडे सरकली. कित्येकजण कंपनी सरकारच्या पलटणीत शिरले. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, हा असाच एक लष्करी अंमलदार. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत तो कैद झाला आणि सुटून परत आला. त्याने १७९६ साली मुंबईत मशीद बंदराच्या भागात बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. प्रार्थनामंदिर झाले, पण प्रार्थना म्हणून दाखविणार कोण? तेव्हा कोचीनहून माणसे येऊ लागली. कोचीनच्या ज्यू लोकांत हिब्रूचे शिक्षण अखंड चालू होते. १८२६ नंतरच्या काही वर्षांत तेथले शिक्षक मुंबईला आणि कोकणात आले. त्यांतला सर्वांत लोकप्रिय शेलोमो सालेम शुर्राबी. याचेही गलबत फुटले होते म्हणतात आणि धंद्याने हा पुस्तके बांधणारा! आपल्या भाषेत सांगायचे तर जिल्दगर. पुस्तके शिवणाऱ्या माणसाने एका अख्ख्या समाजाला पुस्तक वाचावयास शिकविले. १८५६ साली तो वारला, तोपर्यंत तो शिकवीतच होता.

त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने मिशनरी आले. १८२६ मध्ये मायकेल सार्गन नावाच्या कोचीनच्याच, पण ख्रिस्ती झालेल्या ज्यू गृहस्थाने बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढल्या. अमेरिकन मिशनच्या मराठी शाळा तर त्याआधीपासून होत्या. १८२९ साली स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन मुंबईत उतरले. ज्यांच्या नावाचे विल्सन कॉलेज गिरगाव चौपाटीसमोर आहे, तेच हे. हिब्रू शिकू इच्छिणाऱ्या बेने इस्राएलांसाठी त्यांनी १८३२ साली चक्क मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. वर्गात मराठी बोलणारी मुले, फळ्यावर हिब्रू अक्षरे आणि शिकविणारा स्कॉच मास्तर! मिशनऱ्यांचा हेतू उघड होता, या लोकांना ख्रिस्ती करावे. झाले मात्र उलटेच. ख्रिस्ती झाले फारच थोडे. बाकीचे हिब्रू व्याकरण शिकले, मराठी बायबलातला जुना करार वाचू लागले आणि पहिल्यापेक्षा अधिक पक्के ज्यू झाले. विद्या कोणत्या हेतूने दिली जाते आणि घेणारा तिचे काय करतो, यांचा मेळ बसतोच असे नाही. आपण शिक्षकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

येथे थोडे हिब्रूविषयी सांगितले पाहिजे, म्हणजे या मास्तरांपुढे अडचण काय होती ते कळेल. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. अक्षरे २२, आणि त्यांतली पाच शब्दाच्या शेवटी आली म्हणजे रूप बदलतात. आपल्या बालबोध लिपीत काना, मात्रा, वेलांटी अक्षराला चिकटलेली असते. हिब्रूत स्वर बहुधा लिहीतच नाहीत. शिकणाऱ्यांच्या सोयीसाठी अक्षरांच्या खालीवर टिंबे आणि रेघा देतात तेवढेच. शिवाय घशातून काढावयाचे काही उच्चार मराठीत नाहीतच, तेथे 'ह' आणि 'ख' यांवरच भागवावे लागे. मग या मास्तरांनी काय केले? पुस्तकात हिब्रू मूळ दिले आणि सोबत मराठी अर्थ छापला. अक्षराला अक्षर लावीत, अर्थ समजून घेत मूल हळूहळू वाचू लागे. पोथीखाली अर्थ देऊन संस्कृत स्तोत्रे शिकविण्याची आपली रीत हीच, नाही का?

या पद्धतीचा एक सुंदर नमुना आपल्या पुण्यातच छापला गेला. वल्हांडणाच्या सणाच्या रात्री ज्यू कुटुंबात 'हग्गादा' नावाची पोथी वाचतात. मिसर देशातल्या गुलामगिरीतून आपले पूर्वज कसे सुटले, त्याची ती कथा आहे. १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठी अशी सचित्र हग्गादा निघाली. काढणारे तळकर मंडळी आणि छापखाना विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांचा. ब्राह्मणाच्या छापखान्यात ज्यूंची पोथी! चित्रांत सणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका दिसतात. त्या आपल्याकडच्यासारख्या जमिनीवर बसून काम करताहेत. जगातले मोठमोठे ग्रंथसंग्राहक आज या पुण्याच्या पोथीची प्रत मिळविण्यासाठी धडपडतात.

आता राजपूरकरांकडे वळू. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांचा जन्म १८३४ चा. मुंबईत बगदादहून आलेल्या श्रीमंत ज्यू व्यापाऱ्यांची एक वस्ती होती. ससून घराणे त्यांतलेच, पुण्याचे ससून रुग्णालय आणि लष्करातले लाल देऊळ ज्यांच्या दानातून उभे राहिले ते. हे बगदादी लोक कोकणच्या बेने इस्राएलांना बरोबरीचे मानीत नसत. १८३६ साली तर त्यांच्यातल्या काहींनी स्मशानभूमीत दोघांच्यामध्ये भिंत घालावी असा अर्ज सरकारकडे केला होता. मेल्यावरही शेजार नको! आणि त्याच बगदादी समाजाच्या डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून कोण? आमचे राजपूरकर, कोकणचे बेने इस्राएल. जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी तेथे काम केले. भिंत मागणाऱ्यांच्या नातवंडांना शनिवार तेल्याच्या नातवाने शुद्ध हिब्रू शिकविले. यावर मी अधिक काही बोलत नाही.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या परीक्षांत संस्कृत, फारसी, अरबी, लॅटिन यांच्या रांगेत हिब्रूलाही जागा होती, आणि राजपूरकर हे विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक झाले. विद्यापीठातला ज्यू विद्येचा मराठी अध्यापक कोण, असे मला कोणी विचारले तर पहिले नाव मी हेच घेईन. दिवसा मुलांना शिकवावे आणि उरल्या वेळात प्रार्थनापुस्तके, धर्मग्रंथ, गोष्टी मराठीत आणाव्यात, असा त्यांचा क्रम. वीसच्या वर पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. १९०५ मध्ये ते वारले.

त्यांच्याच पिढीतले हाईम सॅम्युएल किहीमकर. त्यांना एकच ध्यास होता : आपल्या मुलांची स्वतःची शाळा हवी. १८७५ साली त्यांनी बंधूंच्या साहाय्याने मुंबईत इस्राएलाइट स्कूल काढले. तेथे इंग्रजी आणि मराठी होतेच, शिवाय हिब्रू. शाळा चालवीत असतानाच ते म्हाताऱ्यांना गाठून जुन्या चालीरीती विचारीत आणि लिहून ठेवीत. वर सांगितलेली सणांची मराठी नावे आज आपल्याला ठाऊक आहेत त्यांत किहीमकरांचा वाटा फार मोठा. १८९७ च्या सुमारास त्यांचा समाजाचा इतिहास लिहून झाला. पण छापणार कोण? हस्तलिखित चाळीस वर्षे पडून राहिले. लेखक केव्हाच निवर्तले होते. अखेर १९३७ साली इमॅन्युएल ओल्स्वांगर नावाच्या विद्वानाने ते पार तेल अवीवमध्ये छापून घेतले. हे ओल्स्वांगर संस्कृतचे जाणकार. पुढे त्यांनी भगवद्गीता हिब्रूत नेली. किहीमच्या माणसाचा इतिहास तिकडे गेला, कुरुक्षेत्रावरचा संवादही तिकडे गेला, आणि नेणारा माणूस एकच.

किहीमकरांच्या शाळेला पुढे एली कदूरी या दानशूर गृहस्थाचे नाव मिळाले. माझगावचे सर एली कदूरी हायस्कूल ते हेच. १९२२ पासून १९५० पर्यंत या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या रिबेका रूबेन. या बाईंचे शिक्षण आपल्या पुण्यात हुजूरपागेत झाले. १९०५ सालच्या मॅट्रिक परीक्षेत त्या मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या. त्या काळचे मुंबई विद्यापीठ म्हणजे किती मोठा मुलूख, आणि त्यात एक मुलगी पहिली! विलायतेतले शिक्षण घेऊन त्या परतल्या. मोठी नोकरी, मोठे नाव सहज मिळाले असते. पण त्यांनी शाळा पत्करली आणि अठ्ठावीस वर्षे ती सोडली नाही. समाजाचे वार्षिक अंक काढले, मुलांसाठी इंग्रजीची क्रमिक पुस्तके लिहिली. १९५७ साली त्या वारल्या. शाळा आजही आहे. तेथे आता ज्यू मुले नावालाच. बहुतेक मुले मुसलमान आहेत, आणि ज्यू बाईंनी वाढविलेल्या शाळेत ती आनंदाने शिकताहेत.

पण शाळेत जाणार ती मुले. थोरामोठ्यांना, बायकांना, घाण्यावरच्या माणसाला शिकवायचे कसे? यासाठी या मंडळींनी जी युक्ती काढली ती ऐकून आपणांस खास आनंद होईल. त्यांनी कीर्तन उचलले! आमच्या हिंजवडीत चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचे बगाड निघते. गावोगाव तशाच जत्रा, सप्ताह आणि कीर्तने असतात. अक्षर न ओळखणाऱ्या माणसालाही रामायण-भारत ठाऊक असते, ते कीर्तनकाराच्या कृपेने. बेने इस्राएल मंडळी कोकणात आणि मुंबईत हीच कीर्तने ऐकत होती. १८८० साली बेंजामिन शिमशोन अष्टमकर, डेव्हिड हाईम दिवेकर वगैरे मंडळींनी 'कीर्तनोत्तेजक' मंडळ काढले. पूर्वरंग, आख्यान, साकी, दिंडी, आर्या, सगळा थाट मराठी. आणि आख्यान कोणते? अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. टाळ-मृदंगाच्या साथीने मोशे तांबडा समुद्र ओलांडतो आहे आणि श्रोते डोळे पुसताहेत. ज्यू विद्येचा असा वर्ग जगाच्या पाठीवर दुसरीकडे कोठे भरला असेल असे मला वाटत नाही.

१९४८ साली इस्राएल देश स्थापन झाला आणि ही माणसे हळूहळू तिकडे निघाली. १९५० च्या सुमारास त्यांची संख्या वीस हजारांच्या घरात होती; आज महाराष्ट्रात काही हजारच उरली आहेत. तिकडे गेल्यावरही परीक्षा चुकली नाही. हे लोक पुरे ज्यू आहेत काय, असा वाद तेथल्या धर्मगुरूंनी काढला, लग्ने अडली, आणि बेने इस्राएलांनी मोर्चे काढले, धरणे धरले. १९६४ च्या ऑगस्टमध्ये तेथल्या सरकारने ते सर्व बाबतींत ज्यू आहेत असे जाहीर केले. राहाबीने माशांवर जे ओळखले ते एका सरकारला ओळखायला सोळा वर्षे लागली! इकडे महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यू समाजाला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली.

आजचे विद्यापीठातले अध्यापक बहुतेक परदेशी आहेत. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या शाल्वा वाइल यांनी इस्राएलमधल्या लोद शहरातल्या बेने इस्राएलांवर प्रबंध लिहिला आणि पुढे आयुष्यभर तोच विषय केला. अमेरिकेतल्या जोन रोलंड यांनी इंग्रजी अमदानीतल्या भारतीय ज्यूंचा इतिहास लिहिला. शिकागोच्या ॲना शुल्ट्झ या संगीताच्या अभ्यासक. त्या आधी मराठी राष्ट्रीय कीर्तनाचा अभ्यास करावयास आपल्याकडे आल्या आणि मग बेने इस्राएल बायकांच्या मराठी गाण्यांकडे वळल्या. आपल्या देशात कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी विद्यापीठात नवरस आफ्रिदी ज्यू इतिहास शिकवितात. ही नावे मोठी आहेत. अडचण निराळीच आहे. या समाजाचे कागद मराठीत आहेत. कीर्तनाची आख्याने, मासिके, पत्रे, लग्नांच्या नोंदी, काही तर मोडीत. हिब्रू जाणणाऱ्या पंडिताला मराठी येत नाही, आणि मराठी जाणणाऱ्या आपल्या प्राध्यापकाला हिब्रूचे एक अक्षर वाचता येत नाही. राजपूरकरांना दोन्ही येत होते. त्यांच्या जागी बसेल असा माणूस आज आपल्या विद्यापीठांत शोधावा लागेल. हिंजवडीत आज साऱ्या जगाशी कामकाज चालते, आमची मुले जर्मन शिकतात, जपानी शिकतात, त्यासाठी शिकवण्या आहेत. वीसेक किलोमीटरवर रास्ता पेठेत १९२१ साली बांधलेले बेने इस्राएलांचे प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या दारावरची अक्षरे वाचणारा त्यांत कोणी नाही.

रायगडातल्या, पुण्यातल्या शिक्षकांसाठी एक उपयोगाची गोष्ट सांगून थांबतो. अलिबाग, रेवदंडा, पनवेल, पेण या बाजूला ज्यूंची जुनी थडगी आहेत. कित्येकांवर एका अंगाला हिब्रू आणि दुसऱ्या अंगाला मराठी लेख असतो. हिब्रूत अक्षरेच आकड्यांचे काम करतात : पहिले अक्षर 'आलेफ' म्हणजे १, 'योद' म्हणजे १०, 'कोफ' म्हणजे १००. त्यांचा शक आपल्या इसवी सनाच्या ३७६० वर्षे पुढे. ५६३४ असेल तर त्यांतून ३७६० वजा करा, १८७४ येतील, पुण्याची हग्गादा छापली ते साल. त्यांचे वर्ष भाद्रपद-आश्विनात सुरू होते म्हणून एखाद्या वर्षाचा फरक पडतो, तेवढा धरावा. महिने चंद्राचेच, आणि ऋतू चुकू नयेत म्हणून एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक महिना, जवळपास आपल्यासारखाच. मुलांना घेऊन गेलात तर खडूने दगड घासू नका, अक्षर झिजते. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे असताना जा, सावलीने अक्षर उठून दिसते. आधी मराठी बाजू उतरून घ्या, मग हिब्रू बाजूचे छायाचित्र काढा, आणि गावाचे नाव व तारीख खाली लिहून शाळेच्या कपाटात ठेवा.